स्टेजवर जायचाही रियाज असतो

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल, लेडीज हॉस्टेल)

आधीच कबूल करून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी बोलायला येतं, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ कुठे पळून जातात कोण जाणे! तेव्हा ज्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील त्याबद्दल त्यांचे आभार, आणि ज्या राहिल्या असतील त्या पोटात घाला.

आणखी एक. मेकॅनिकलच्या मुलीने संगीतावर लेख का लिहावा, असं काही जण म्हणतील. लेख शेवटपर्यंत वाचलात तर कळेल. व्हायवाच्या आदल्या रात्री ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी तर जरूर वाचावा.

ताईची परीक्षा

मागच्या वर्षी मे महिन्यात माझी आतेबहीण एम.ए. संगीताच्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल देणार होती. आमची सेमिस्टर नुकतीच संपली होती. आत्या म्हणाली, "जा गं तिच्याबरोबर, एकटी गेली की घाबरते." म्हणून मी इलेक्ट्रॉनिक तानपुरा सांभाळायला गेले. मी स्वतः हार्मोनियमच्या प्रवेशिकेपर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत. त्यामुळे कोमल काय, तीव्र काय, सम कुठे आली, एवढं मला कळतं.

ताई रोज पहाटे पाचला रियाजाला बसते. सुट्टीत आत्याकडे गेलं की तिच्या षड्जानेच आम्हाला जाग येते. पुरिया धनाश्री तर ती तासभर गाते आणि शेजारच्या काकू भाजी चिरता चिरता थांबून ऐकतात.

त्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी मुलतानी गायला सांगितला. आवाज जरा कापत होता, पण निभावलं. मग ते म्हणाले, "आता पुरिया धनाश्री." आणि पहिल्याच आलापात गंधार कोमल लागला! ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या दोन्ही रागांत रिषभ आणि धैवत कोमल, मध्यम तीव्र. फरक गंधाराचा. मुलतानीत तो कोमल, पुरिया धनाश्रीत शुद्ध. ताईला झोपेतून उठवून विचारलं तरी ती हे सांगेल. पण लागला कोमलच. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. तिथून पुढे सगळंच घसरलं. अंतऱ्याचे शब्द आठवेनात, श्वास पुरेना, तार षड्ज फाटला. तबलजी समजूतदार होते, त्यांनी दोन आवर्तनं नुसता ठेका धरून ठेवला.

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला तर मे महिन्यात तो बर्फासारखा गार! तिच्या बाईंनी प्रेमानेच सांगितलं, "रियाज वाढव गं." रात्री गच्चीवर ताई मला म्हणाली, "मी पुढच्या वर्षी परीक्षेला बसणारच नाही. बी.एड. करते. मला जमत नाही हे." दोन तास रडली. मला काय बोलावं ते सुचेना. मी म्हटलं, "अगं, होतं असं." याहून फालतू वाक्य जगात नसेल.

पण डोक्यात एक प्रश्न अडकला. जी मुलगी रोज चार तास रियाज करते तिला "आणखी रियाज कर" हे औषध लागू पडेल का? घरी तिचा गंधार कधीच चुकत नाही. म्हणजे बिघाड दुसरीकडेच कुठेतरी असला पाहिजे. मग सुट्टीत आणि नंतर लायब्ररीत बसून मी जे वाचलं, त्याचा हा लेख.

उंदीर आणि पंपाचा कर्व्ह

घाबरल्यावर शरीरात काय होतं ते आपण अकरावी-बारावीच्या बायोलॉजीत शिकलोय. धोका दिसला की ॲड्रिनॅलिन सुटतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास वरवरचा होतो, तोंडाला कोरड पडते, त्वचेकडचं रक्त कमी होऊन मोठ्या स्नायूंकडे जातं म्हणून हात गार पडतात. वाघ मागे लागला असता तर ही व्यवस्था उत्तम होती. पण गाणाऱ्याला लागतो लांब श्वास आणि सैल गळा. व्हायोलिनवाल्याला लागतो न थरथरणारा गज. सतारवाल्याला मींड ओढायला बोटात नेमका जोर लागतो. म्हणजे शरीर मदत करायला धावतं आणि नेमकं तेच नडतं.

मग भीती पूर्ण घालवायची का? तसंही नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदरांना योग्य दार ओळखायला शिकवायचं, आणि चुकलं की विजेचा हलकासा झटका. काम अवघड असेल तेव्हा झटका फार कमी असला तरी शिकणं मंद, फार जास्त असला तरी मंद, आणि मधल्या झटक्याला सगळ्यात चांगलं, असं त्यांना दिसलं. पुढे खेळाच्या मानसशास्त्राने हीच कल्पना माणसांच्या उत्तेजनेला लावली. आपल्या लॅबमध्ये सेंट्रिफ्युगल पंपाचा एफिशियन्सीचा कर्व्ह काढतो ना, तसाच उलटा 'यू'. डिस्चार्ज वाढवत नेला की एफिशियन्सी चढते, एका ठिकाणी कमाल होते आणि मग उतरते. माणसाचंही तसंच. अगदी थंडपणे गायलं तर गाणं मरगळतं, आणि फार टेन्शनमध्ये गायलं तर तुटतं. आपला तो मधला बिंदू कुठे आहे हे ओळखायचं आणि तिथे यायला शिकायचं. खेळाडूंना हे शिकवतात. संगीताच्या विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी कोणी शिकवत नाही. माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच आहे.

मैदानातून गाण्याच्या वर्गात

ही देवाणघेवाण सुरू झाली टेनिसमधून. १९७४ साली टिमोथी गॉलवे या अमेरिकन टेनिस शिक्षकाचं 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं, की कोर्टवर दोन सामने चालतात. एक समोरच्या खेळाडूशी आणि दुसरा आपल्याच डोक्यातल्या त्या आवाजाशी, जो सारखा "मनगट वाकलं, चुकलास, गाढवा" असं ओरडत असतो. हे वाचून सिनसिनाटी सिंफनी ऑर्केस्ट्रातला मुख्य डबल बास वादक बॅरी ग्रीन याला वाटलं, की अरे, आमचंही हेच होतं! १९८६ साली त्याने गॉलवेबरोबर 'द इनर गेम ऑफ म्युझिक' लिहिलं.

पण विद्यापीठाच्या पातळीवर विषय म्हणून हे नीट शिकवणाऱ्यांत डॉन ग्रीन यांचं नाव घ्यावं लागतं. (आडनाव तेच, माणूस वेगळा.) हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेले, सैन्यात काम केलेले क्रीडा मानसशास्त्रज्ञ. अमेरिकेच्या ऑलिंपिक डायव्हिंग संघाबरोबर त्यांनी काम केलं. दहा मीटर उंचीवरून उडी मारणाऱ्याला दुसरी संधी नसते, आणि ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला आलेल्या वादकालाही नसते. दोघांना काही मिनिटांत वर्षांची मेहनत दाखवायची असते. हे ओळखून त्यांनी पुढे वादकांना शिकवायला सुरुवात केली. १९९८ साली 'ऑडिशन सक्सेस' हे पुस्तक लिहिलं आणि न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड स्कूलमध्ये विद्यार्थ्यांसाठी वर्ग घेतले. त्याच वर्गात नोआ कागेयामा नावाचा व्हायोलिनचा विद्यार्थी होता. त्याच्यावर याचा एवढा परिणाम झाला की त्याने नंतर इंडियाना विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएच.डी. केली आणि ज्युलियार्डमध्येच हा विषय शिकवू लागला.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्येही याच काळात काम चालू होतं. तिथले ॲरन विल्यमन आणि त्यांचे सहकारी खेळातल्या आणि मानसशास्त्रातल्या पद्धती संगीताच्या विद्यार्थ्यांवर तपासून पाहत होते. त्यांचं 'म्युझिकल एक्सलन्स' हे पुस्तक २००४ सालचं.

नेमकं शिकवतात काय?

इथून पुढे जे लिहिते त्यात योगायोग, चमत्कार, सकारात्मक विचार वगैरे नाही. साध्या पद्धती आहेत. एकेक बघू.

पहिली : सेंटरिंग. ही पद्धत १९७० च्या दशकात रॉबर्ट निडेफर या क्रीडा मानसशास्त्रज्ञाने मांडली. तो स्वतः आयकिडो शिकला होता, त्यामुळे शरीराच्या 'मध्याची' कल्पना तिथली. डॉन ग्रीन ती संगीतकारांना शिकवतात. स्टेजवर बसल्यावर नजरेच्या थोडं खाली एक बिंदू ठरवायचा. मी आता काय करणार आहे ते एका वाक्यात मनाशी म्हणायचं ("स्वच्छ शुद्ध गंधार लावणार" असं; "कोमल लागायला नको" असं नाही). मग पोटातून सावकाश श्वास. डोक्यापासून खाली कुठे कुठे स्नायू आवळलेत ते बघायचं आणि एकेक सैल सोडायचे. बेंबीच्या दोन बोटं खाली लक्ष न्यायचं. सुराची किंवा लयीची आठवण देणारा एखादा शब्द मनात म्हणायचा आणि सुरू करायचं. सुरुवातीला याला काही मिनिटं लागतात. रोज केलं तर काही आठवड्यांत दहा-पंधरा सेकंदांत जमतं. पण रोज करायला हवं. थेट परीक्षेच्या दिवशी करून उपयोग नाही.

दुसरी : मनातला रियाज. नेमबाज, जिम्नॅस्ट, डायव्हर हे डोळे मिटून आपली संपूर्ण कृती मनात करतात. हे नुसतं दिवास्वप्न आहे असं मला वाटायचं. पण १९९५ साली आल्वारो पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. ज्यांना पियानो येत नव्हता अशा लोकांना पाच बोटांची एक पट्टी दिली. एका गटाने रोज दोन तास, पाच दिवस, प्रत्यक्ष वाजवली. दुसऱ्या गटाने कीबोर्डसमोर बसून तेवढाच वेळ नुसती मनात वाजवली, बोट न हलवता. दोन्ही गटांच्या मेंदूत बोटांचं नियंत्रण करणारा भाग सारख्याच तऱ्हेने विस्तारला. मनातल्या गटाचं वाजवणं प्रत्यक्ष गटापेक्षा कमीच सुधारलं, पण त्यांना फक्त दोन तास प्रत्यक्ष सराव दिल्यावर ते दुसऱ्या गटाच्या पाच दिवसांच्या बरोबरीला आले. म्हणजे मनातला रियाज प्रत्यक्ष रियाजाची जागा घेत नाही, पण वायाही जात नाही. घसा बसला असेल किंवा हॉस्टेलमध्ये रात्री गाण्याची परवानगी नसेल तेव्हा तर फारच कामाचा!

तिसरी : सरावाचा क्रम बदलणे. हे मला सगळ्यात आवडलं. आपण काय करतो? एकच गोष्ट तासभर घोकतो. १९७९ साली शी आणि मॉर्गन यांनी हाताच्या झटपट हालचालींचा प्रयोग केला. एका गटाने एक हालचाल पूर्ण घोटून मग दुसरी घेतली, दुसऱ्या गटाने सगळ्या हालचाली मिसळून केल्या. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. पण दहा दिवसांनी परत परीक्षा घेतली तर मिसळून करणारे पुढे! कारण मिसळून करताना प्रत्येक वेळी मेंदूला "आता कोणती?" हे नव्याने आठवावं लागतं. २०१६ साली क्रिस्टीन कार्टर आणि जेसिका ग्रान यांनी १० क्लॅरिनेट वादकांवर असाच प्रयोग केला, सलग बारा मिनिटं एक रचना विरुद्ध तीन-तीन मिनिटं आलटून पालटून. वादक थोडे आणि फरक लहान, पण कल आलटून पालटून करण्याच्याच बाजूने दिसला.

हे वाचल्यावर मला एकदम ताईचा गंधार आठवला. ती सकाळी तासभर मुलतानी आणि संध्याकाळी तासभर पुरिया धनाश्री गायची. एकातून उठून लगेच दुसऱ्यात जायची तिला कधी वेळच आली नव्हती. आणि परीक्षेत नेमकं तेच विचारलं!

चौथी : खोटी परीक्षा, पण खऱ्यासारखी. आपण एखादा मटेरियलचा नमुना नुसता बघून पास करत नाही, यूटीएमवर लावून लोड देतो. लोडखाली तो कसा वागतो ते महत्त्वाचं. अभिनव बिंद्रा २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत सातवा आला होता. २००८ च्या बीजिंगपूर्वी त्याने स्वतःला मुद्दाम भीतीत टाकलं. जर्मनीत सुमारे ४० फूट उंच खांबावर चढला, कारण भीती अंगात असताना शांत राहण्याचा सराव करायचा होता. पुढचं सुवर्णपदक आपल्याला माहीतच आहे.

रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकने संगीतासाठी चक्क 'सिम्युलेटर' बनवला. विद्यार्थी आधी बॅकस्टेजला थांबतो, त्याला बोलावणं येतं, तो विंगेतून दिव्यांच्या झोतात जातो. समोर पडद्यावर श्रोते, नाहीतर तीन परीक्षक. हे परीक्षक खूश दिसू शकतात, मख्ख बसू शकतात किंवा नाराजीही दाखवू शकतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांना यात उभं केलं, तेव्हा त्यांची चिंता आणि हृदयाची लय खऱ्या ऑडिशनसारखीच झाली. परीक्षक खोटे आहेत हे माहीत असूनही! म्हणजे भीतीचा सराव भीती नसलेल्या खोलीत बसून होत नाही, पण तशी खोली तयार करता येते.

पाचवी : लक्ष कुठे ठेवायचं. सियन बाइलॉक या संशोधिकेने गोल्फ खेळणाऱ्यांवर बरेच प्रयोग केले. नवशिक्या माणसाने हाताच्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष दिलं तर फायदा होतो. पण मुरलेल्या खेळाडूने तसं केलं तर खेळ बिघडतो. कारण जे आपोआप होत होतं त्याचे तो परत तुकडे करतो. आपण जिना उतरताना "आता डावा पाय, आता उजवा" असा विचार केला तर काय होईल? तेच. म्हणून स्टेजवर गळ्याकडे किंवा बोटांकडे न बघता नादाकडे, लयीकडे, पुढच्या समेकडे लक्ष द्यायचं. गॉलवेच्या पुस्तकाचंही सार तेच.

सहावी : भीतीला दुसरं नाव देणे. हे ऐकून मी हसले होते. २०१४ साली ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी लोकांना कराओकेवर गायला लावलं. गाण्याआधी काहींनी "मला भीती वाटतेय" म्हणायचं, काहींनी "मला उत्साह वाटतोय" म्हणायचं, काहींनी काहीच नाही. सुरांची अचूकता मशीनने मोजली. उत्साहवाले सुमारे ८० टक्के, काहीच न म्हणणारे सुमारे ६९ आणि भीतीवाले सुमारे ५३. धडधड दोन्हींत सारखीच असते, म्हणून "शांत हो, शांत हो" म्हणण्यापेक्षा "चला, मजा येणार" म्हणणं सोपं पडतं.

गोळी घेतली तर?

हा प्रश्न येणारच. प्रोप्रॅनोलॉल वगैरे बीटा ब्लॉकर गोळ्या धडधड आणि थरथर कमी करतात. अमेरिकेतल्या सिंफनी ऑर्केस्ट्रांमधल्या वादकांचं १९८७ साली सर्वेक्षण झालं, त्यात २७ टक्के वादकांनी आपण अशा गोळ्या घेतल्याचं सांगितलं. नेमबाजीत मात्र यांच्यावर बंदी आहे. उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये याच औषधामुळे काढून घेतली गेली. संगीतात बंदी नाही, पण हे हृदयाचं औषध आहे. दम्याच्या माणसाला ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना न विचारता मैत्रिणीच्या पर्समधली गोळी घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. शिवाय गोळी थरथर थांबवेल, पण गंधार शुद्ध कुठून आणणार?

आपल्याकडे काय?

आता कोणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं, तिथे समोर कागदावर सगळे सूर लिहिलेले असतात. आपलं ख्यालगायन तर जागच्या जागी फुलवायचं. मान्य. खेळ आणि गाणं यांत फरकही आहे. खेळात धावसंख्या असते, गाण्यात नसते. गाण्यात समोरच्याला हरवायचं नसतं, त्याला काही द्यायचं असतं. त्यामुळे जसंच्या तसं उचलून चालणार नाही. हेही सांगायला हवं, की यातले पुष्कळ प्रयोग थोड्या लोकांवर झालेले आहेत. आणि ज्याला झोपच लागत नाही, उलट्या होतात, महिनोन्महिने स्टेज टाळावं लागतं, त्याने लेख वाचत बसू नये, समुपदेशकाकडे जावं. त्यात लाज कसली?

पण आपल्या परंपरेत यातलं काहीच नव्हतं असंही नाही. गुरुपौर्णिमेला लहानथोर सगळ्यांनी गुरूंसमोर पाच-दहा मिनिटं गायचं, ही एक प्रकारची चौथी पद्धतच झाली. समोर चुका ओळखणारे कान, पण आपलीच माणसं. विद्यापीठात वर्ग आला, सिलॅबस आला, आणि वर्षभर कोणासमोर न गाता थेट परीक्षकांसमोर बसायची वेळ आली.

आणि क्रीडा मानसशास्त्र म्हणाल तर ते आपल्या घरचंच आहे. नाशिकचे भीष्मराज बाम हे पोलीस खात्यातले मोठे अधिकारी. निवृत्तीनंतर त्यांनी अंजली भागवत यांच्यासारखे नेमबाज, राहुल द्रविडसारखे क्रिकेटपटू यांच्याबरोबर मनाच्या तयारीवर काम केलं. योगातली एकाग्रता आणि श्वास यांचा त्यांनी भरपूर उपयोग केला. २०१७ साली ते गेले. 'विजयाचे मानसशास्त्र' हे त्यांचं पुस्तक मराठीतच आहे. खेळाडूंनी जे वाचलं ते गाणाऱ्यांनी का वाचू नये?

यंदाची परीक्षा

तर ताईचं काय झालं? बी.एड.चा फॉर्म तिने आणला होता. मी फोनवर म्हटलं, "ताई, सहा महिने हे करून बघ. नाही जमलं तर फॉर्म मी स्वतः भरून देते." ती म्हणाली, "तू इंजिनिअर आहेस का भोंदूबाबा?" पण तयार झाली.

आम्ही साधंच ठरवलं. रियाज चार तासच, वाढवायचा नाही. त्यातला एक तास आलटून पालटून : दहा मिनिटं मुलतानी, लगेच दहा मिनिटं पुरिया धनाश्री, मध्ये एखादा ताल हातावर, परत मुलतानी. पहिले पंधरा दिवस भयंकर गेले. म्हणाली, "माझं होतं ते पण बिघडलं." मी शी आणि मॉर्गनची शपथ घातली! विलंबित आलापाचा तास मात्र तिने सलगच ठेवला. राग मनात उतरायला वेळ लागतो, तिथे तुकडे चालत नाहीत असं ती म्हणाली आणि मला ते पटलं. रात्री झोपताना मनातला रियाज, त्यात परीक्षेची खोलीसुद्धा आणायची, खुर्च्या, पंख्याचा आवाज, परीक्षकांचा चष्मा सगळं. आणि दर रविवारी खोटी परीक्षा. आत्या, काका, शेजारच्या काकू ओळीने खुर्च्यांवर. काकांना मख्ख चेहरा करायला सांगितलं होतं, ते त्यांना जन्मजातच येतं. रागांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या, काकू उचलून वाचायच्या. परीक्षेची साडी नेसून, दोनदा जिना चढून उतरून, धापा टाकतच बसायचं. कारण धडधड हवीच होती. गाणं झाल्यावर वहीत तीन ओळी : काय चांगलं झालं, काय बिघडलं, पुढच्या रविवारी काय बदलायचं. "मी बेकार आहे" असं लिहायला बंदी.

या मे महिन्यात मी परत तानपुरा घेऊन गेले. खोटं कशाला सांगू, हात यंदाही गार होते. मी धरून पाहिले. फरक एवढाच की ती म्हणाली, "गार आहेत ना? असू देत. रविवारीपण असतात."

परीक्षकांनी आधी दुसरा एक राग विचारला, मग पुरिया धनाश्री. तिने डोळे मिटले, एक श्वास घेतला. मी दाराबाहेर उभी राहून मनातल्या मनात देवाला म्हणत होते, गंधार, गंधार. गंधार शुद्ध लागला. तार षड्जावर आवाज जरासा हलला, पण ती थांबली नाही, परत गेली आणि लावून आली. एका ठिकाणी सम हुकली, पुढच्या आवर्तनात पकडली. वर्गात पहिली वगैरे काही आली नाही. पण पास झाली, आणि बी.एड.चा फॉर्म अजून कपाटात कोराच आहे. सध्या दोन लहान मुली तिच्याकडे शिकायला येतात. त्यांना ती पहिल्या महिन्यापासून आत्यासमोर बसवून गायला लावते.

एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. आपल्या सरांनी एका रीडिंगवर ग्राफ काढू दिला असता का? पण सर्व संगीत विभागांना एक विनंती करावीशी वाटते. सिम्युलेटर नको, पैसे नकोत. महिन्यातून एक दुपार, एक रिकामी खोली, दुसऱ्या वर्गाची मुलं श्रोते, एखादे अनोळखी शिक्षक परीक्षक. आणि एखादं मूल कोलमडलं तर "रियाज वाढव" म्हणण्याआधी एकदा विचारावं, "घरी होतं का हे बरोबर?" घरी होत असेल, तर कमी पडलेला रियाज वेगळा आहे.

आता आपलं. नोव्हेंबरमध्ये व्हायवा आहेत, त्यानंतर कॅम्पस इंटरव्ह्यू. मागच्या सेमिस्टरला एक्स्टर्नलने मला बर्नोली विचारलं आणि मला स्वतःचं नाव आठवेना, हे माझ्या बॅचला माहीतच आहे. तेव्हा लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये दर शुक्रवारी रात्री जेवणानंतर आम्ही खोटी व्हायवा घेणार आहोत. चिठ्ठ्या तयार आहेत. मख्ख चेहऱ्याच्या परीक्षकांची जागा रिकामी आहे. प्राध्यापक मंडळींपैकी कोणाला यायची इच्छा असेल तर स्वागत आहे!